पाल्प्यातील रांजण : जालन्याच्या मंडळीच्या नेपाळ सेवा-दौऱ्याच्या नोंदी

९ जुलै २०२३, रविवार

उपासनेनंतर आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंच कमिटीची बैठक झाली. नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यातील एका डोंगरवाडीवरच्या लहान मंडळीने पावसाचे पाणी साठवण्यासाठी मदत मागितली आहे. तेथील पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि आमचे पाळकसाहेब एकाच सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, शिकलेले असल्यामुळे विनंती पत्राने न येता फोनवर आली, आणि होकारही फोनवरच गेला. दिवाळीच्या सुट्टीत ११ जणांनी १५ दिवसांसाठी जावे आणि साडेसहा हजार लिटरचे दोन फेरोसिमेंटचे, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंटचा माल थापून केलेले, रांजण बांधून परत यावे, असे ठरले. आमच्यातील ५ जण शिक्षक असल्यामुळे दिवाळीखेरीज दुसरी मोकळीक नव्हती. सुट्टी आमच्या कॅलेंडरवर पाहिली, त्यांच्या कॅलेंडरवर पाहिली नाही. पुढच्या बहुतेक अडचणी येथूनच सुरू झाल्या, म्हणून ही बाब पहिल्याच नोंदीत लिहून ठेवतो.

६ ऑगस्ट २०२३

खजिनदारांनी दोन हरकती घेतल्या आणि दोन्ही बरोबर निघाल्या. पहिली पैशाची होती. आमची मंडळी नोंदणीकृत विश्वस्त संस्था आहे, आणि अशा संस्थेने देशाबाहेर खर्च केलेल्या रकमेवर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी असल्याशिवाय आयकराची सवलत मिळत नाही. त्यामुळे मंडळीच्या निधीला हात न लावता जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे १२,००० रुपये भरावेत, असे ठरले. दोन तरुणांचे पैसे महिला मंडळातील मावश्यांनी आपापल्या घरून उभे केले.

दुसरी हरकत पत्रकांची होती. तरुण संघाने नेपाळी भाषेतील सुवार्तापत्रके, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचाराची पत्रके, छापून नेण्याचा बेत केला होता. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचे कलम २६ कोणालाही दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते, आणि २०१८ पासून लागू असलेल्या मुलुकी अपराध संहितेच्या कलम १५८ मध्ये त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याला देशाबाहेरही काढतात. तेथील पाळकांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "तुम्ही १५ दिवसांनी जाल, आम्ही इथेच आहोत." पत्रके, फलक आणि एकसारखे छापील टी-शर्ट असे तिन्ही बेत त्याच दिवशी रद्द झाले. टी-शर्टचे १,५०० रुपये आगाऊ दिलेले होते, ते छपाईवाल्याने परत केले नाहीत. ते तरुण संघाने आपल्या खिशातून सोसले.

२४ सप्टेंबर २०२३

मनमाड ते गोरखपूर या गाडीचे आरक्षण पाहिले. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे, म्हणजे ८ नोव्हेंबरच्या गाडीचे ते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातच उघडले होते. त्या सुमारास आम्ही बैठकीत चहा पीत होतो. दिवाळी आणि छठ यांच्या तोंडावर मुंबईकडून उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या गाडीत अडीच महिने आधीही जागा मिळत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते. ११ तिकिटे प्रतीक्षा यादीवर काढली.

१ नोव्हेंबर २०२३

मराठा आरक्षण आंदोलनामुळे एसटी बंद आहे, त्यामुळे कमिटीचे तीनच सदस्य येऊ शकले. कालच राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात जालना आहे. मंडळीतील एका ज्येष्ठ वडीलधाऱ्यांनी विचारले, "आपल्या नळाला दहा-दहा दिवस पाणी येत नाही, आणि तुम्ही रांजण बांधायला नेपाळला निघालात?" बैठकीत याला कोणाकडेच चांगले उत्तर नव्हते. शब्द दिला आहे, एवढेच पाळकसाहेब म्हणाले. प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला.

४ नोव्हेंबर २०२३

काल मध्यरात्रीच्या सुमारास नेपाळच्या जाजरकोट भागात मोठा भूकंप झाला आणि शंभराहून अधिक माणसे गेली, ही बातमी सकाळी सर्वांच्या घरी एकाच वेळी पोहोचली. जाजरकोट कर्णाली प्रांतात आणि पाल्पा लुंबिनी प्रांतात असल्याचे नकाशा दाखवून समजावले, तरी दोन कुटुंबांनी माघार घेतली. त्यांचा निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. तेथील पाळकांनी धक्का जाणवल्याचे, पण नुकसान नसल्याचे कळवले. आता आम्ही ९ जण आहोत. तिकिटे रद्द केल्यामुळे १,१४० रुपये बुडाले.

७ नोव्हेंबर २०२३

तेव्हा नेपाळमध्ये १०० रुपयांपेक्षा मोठी भारतीय नोट चालत नव्हती. आम्हाला सुमारे ६५,००० रुपये न्यायचे होते, म्हणजे शंभराच्या साडेसहाशे नोटा. बँकेतून दोनच बंडले मिळाली. उरलेल्या नोटा किराणा दुकानदारांकडून आणि रविवारच्या दानाच्या पेटीतून मोठ्या नोटा टाकून बदलून घेतल्या. मीठ-मिरचीचा वास असलेली ती बंडले ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खाली ठेवली, आणि पुढे सबंध दौराभर त्या पैशाला आम्ही "पीठ" असेच म्हणत राहिलो. ओळखीसाठी आधार कार्डावर विसंबू नये. निवडणूक ओळखपत्र किंवा पासपोर्ट लागतो. आमच्यातील एका तरुणाकडे दोन्ही नव्हते, आणि त्याचे मतदार कार्ड निघण्याच्या आदल्या दिवशी हाती आले.

८ ते १० नोव्हेंबर २०२३

जालन्याहून मनमाड आणि तेथून गोरखपूर. ९ पैकी ४ तिकिटे पक्की झाली, ५ जण पाळीपाळीने त्या चार बाकांवर बसले. गोरखपूरहून बसने सोनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवा, पुढे बुटवल. बुटवलच्या वर सिद्धबाबाच्या टप्प्यात दरडी कोसळतात आणि तेथे तेव्हा बोगद्याचे कामही चालू होते, त्यामुळे गाडी पावणेदोन तास एका जागी उभी राहिली. तानसेनला पोहोचेपर्यंत अंधार पडला. मुक्कामाच्या घरी पोहोचल्यावर घड्याळे १५ मिनिटे पुढे केली.

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार

नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते आणि मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच होते, हे माहीत असूनही आमच्यातील दोघे आंघोळीला वेळ आहे असे समजून झोपून राहिले. "जय मसीह" म्हणून स्वागत झाले. आम्ही ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे एक भजन म्हटले. पेटी नव्हती, मादल नावाचा ढोल होता, आणि तो वाजवणाऱ्या मुलाने दुसऱ्या कडव्यापर्यंत आमचा ठेका पकडला.

उपासनेनंतर डकर्मी दाजूंची, म्हणजे तेथील गवंड्यांची भेट झाली. त्यांनी शांतपणे सांगितले की उद्यापासून तिहारचे मोठे दिवस आहेत, भाऊटिका १५ तारखेला आहे, आणि त्याआधी ते कामावर येणार नाहीत. त्यांच्या बहिणी दोन डोंगर पलीकडे राहतात. सिमेंटचे दुकानही तोपर्यंत बंद. आमची दिवाळी ती त्यांचीही दिवाळी, हे जुलैमध्ये एका फोनने कळले असते. १३ दिवसांच्या कामातले ४ दिवस येथेच गेले.

१२ ते १५ नोव्हेंबर २०२३

रिकामे बसणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही स्वतः पाया खणला. वाडी डोंगराच्या धारेवर आहे. येथे जालन्याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो, पण तो सगळा खाली वाहून जातो, आणि पिण्याचे पाणी वाडीपासून ३५ मिनिटे उतरून असलेल्या झऱ्यावरून आणावे लागते. त्या झऱ्याला ते "मूल" म्हणतात. आमच्याबरोबर आलेल्या मावशीला वाटले की कोणाचे तरी मूल खाली दरीत आहे, आणि तिला ते समजेपर्यंत तिने दोनदा चौकशी केली.

पाळकांनी आधी आणून ठेवलेली सिमेंटची ६ पोती होती. त्यातून १४ तारखेला दगडी सोलिंगवर तळाचा काँक्रीटचा थर टाकला. आमच्यातील निवृत्त उपअभियंता काकांनी नळाखाली बादली सहज बसावी म्हणून चौथरा एक फूट उंच घेतला. आम्ही सर्वांनी मान डोलावली. छपराच्या पन्हळीची उंची कोणी मोजली नाही.

१६ नोव्हेंबर २०२३

डकर्मी दाजू सकाळी ६ वाजता हजर. त्यांच्याकडे पाण्याच्या जाड काळ्या पाइपाची वेटोळी करून बनवलेला रांजणाचा साचा आहे. त्यावर कोंबडीजाळी दोन पदरी गुंडाळली, तिच्यावर तार आवळली. हे काम आमच्या तरुणांना चांगले जमले. दुपारी एकास दोनचा, म्हणजे एक भाग सिमेंट आणि दोन भाग वाळूचा, माल कालवून बाहेरचा पहिला थर थापायला घेतला, आणि तो जाळीवर ठरेना. थापी उचलली की हाताएवढा पापुद्रा घसरून खाली येई. काकांचे म्हणणे पाणी जास्त झाले. दुसरे घमेले घट्ट कालवले, तेही पडले. दाजूंनी वाळू मुठीत घेऊन चोळली आणि तळहात आम्हाला दाखवला. त्यावर अभ्रकाची चमक आणि पिवळसर माती होती. ही वाळू दुकान बंद असल्यामुळे १३ तारखेला आम्ही स्वस्तात एका ट्रॅक्टरवाल्याकडून घेतली होती. ५ पोती सिमेंट आणि सबंध दिवस वाया गेला.

१७ नोव्हेंबर २०२३

जालन्यात घराचे काम काढले की गवंडी बाटलीत वाळू तपासतो. ती साधी गोष्ट येथे येताना आम्ही घरी विसरून आलो होतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत चार बोटे वाळू घेतली, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवली आणि तीन तास ठेवून दिली. वाळूवर अर्धे बोट गाळाचा थर साचला, म्हणजे आठवा हिस्सा. गिलाव्याला साधारण आठ टक्क्यांच्या वर गाळ चालत नाही. बुटवलकडून धुतलेली वाळू मागवली. ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत आला आणि तेथून वर डोक्यांतून, म्हणजे पाठीवरच्या बांबूच्या टोपल्यांतून, कपाळाला नाम्लोचा पट्टा लावून वाळू आणावी लागली. वाडीतील एक दिदी जेवढी वाळू एका खेपेत आणत होती, तेवढी आमच्या दोघा तरुणांनी मिळून आणली.

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

काल शनिवार, त्यामुळे काम बंद. आज बाहेरचा पहिला थर पूर्ण झाला आणि माल जाळीला घट्ट धरून राहिला. दुपारी दाजू जेवायला जाताना आम्हाला म्हणाले, "घाम चर्को छ, छोप्नुहोस्." आम्ही समजलो की त्यांना फार घाम येतो आहे, आणि त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी पिऊन गेले. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. ऊन कडक आहे, झाकून ठेवा, असे ते सांगत होते. गोणपाट बाजूला घडी घालून पडलेले होते. दोन तासांनी ते परत आले तेव्हा रांजणाच्या दक्षिणेकडच्या अंगावर केसांसारख्या भेगांचे जाळे पडले होते. ते रागावले नाहीत, फक्त बोटाने एका भेगेवरून वरपासून खालपर्यंत गेले. तो सर्व भाग खरवडून काढला.

दोन्ही भाषांची लिपी एक आणि शब्द ओळखीचे, म्हणून दुभाषा लागणार नाही, असे आम्ही जुलैमध्ये ठरवले होते. ओळखीचा शब्दच जास्त फसवतो. त्यानंतर प्रत्येक सूचना हाताने करून दाखवायची, असा नियम केला.

२० नोव्हेंबर २०२३

खरवडलेल्या भागावर सिमेंटचे पातळ पाणी मारून नवीन थर दिला, मग सर्व अंगावर दुसरा थर. गोणपाट लगेच गुंडाळले आणि भिजवले. आता पाण्याचा हिशेब समोर आला. सिमेंट कालवायला पाणी, गोणपाट भिजवायला पाणी, आणि ते सर्व खालच्या मुलावरून. ज्या घराच्या भिंतीला लागून रांजण आहे, त्या घरच्या आजींनी कोळशाने भिंतीवर रेघा ओढून ठेवल्या होत्या, एका गाग्रीला एक रेघ. आज संध्याकाळी मी मोजल्या, ८३ भरल्या. आमची मावशी गाग्री उचलून म्हणाली की ही तर आपली घागरच, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या दोन खेपा तिने आपल्याकडे घेतल्या.

२१ नोव्हेंबर २०२३

साचा आतून सोडवून काढला. पाइपाची वेटोळी रांजणाच्या तोंडातून सापासारखी बाहेर आली, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आतून गिलावा करायला बारीक अंगाचा माणूस लागतो. आमच्यातील सर्वांत लहान मुलगा आत उतरला आणि दाजूंच्या पुतण्याबरोबर त्याने दोन थर दिले.

सायंकाळी पन्हळ लावायला घेतली. रांजणाचे तोंड पन्हळीच्या टोकापेक्षा वीतभर उंच निघाले. चौथऱ्यावर वाढवलेला तो एक फूट. काकांनी लेव्हल पाइप लावून तीनदा तपासले, तिन्ही वेळा तेच. त्या रात्री ते जेवले नाहीत.

२२ नोव्हेंबर २०२३

पन्हळ वर उचलली असती, तर ती छपराच्या कडेच्या वर गेली असती. चौथरा तोडणे शक्य नव्हते. शेवटी दाजूंच्या सल्ल्याने रांजणाच्या खांद्याला, तोंडाच्या हातभर खाली, छिन्नीने हळूहळू भोक पाडून पाणी तेथून आत घ्यायचे ठरले. माल अजून ओला असल्यामुळे तो छिन्नीला दाद देत होता. जाळीच्या तारा न तोडता बाजूला वळवल्या, पाइप बसवल्यावर त्याच्याभोवती पुन्हा बांधल्या आणि घट्ट मालाने भरून घेतल्या. अर्धा दिवस गेला. वरून उतरणारा पाइप भिंतीवर आणताना पहिल्या पावसाचे घाण पाणी बाजूला काढण्यासाठी एक जोड आणि बूच ठेवले. भोकाच्या वरचा भाग आता भरणार नाही, त्यामुळे साठा काहीसा कमी होईल. दुसऱ्या रांजणाचा फक्त पाया घालून झाला.

सिमेंटचे काम निदान दोन आठवडे ओले ठेवावे लागते. आम्ही या मातीत आल्यापासून आजपर्यंत १३ दिवस झाले, आणि गिलावा सुरू होऊन जेमतेम चार. खरे काम आमच्या मागे दिदींनाच करायचे आहे. गोणपाट दिवसातून तीन वेळा भिजवावे, असे आम्ही सांगायला गेलो, तर त्यांनी पाळी आधीच वाटून घेतलेली होती.

३ डिसेंबर २०२३, जालना

मंडळीपुढे हिशेब मांडला. ९ जणांचा प्रवास ४१,६०० रुपये. राहणे-जेवणासाठी यजमान मंडळीला १३,५०० रुपये. एक रांजण ७१,००० नेपाळी रुपये, म्हणजे १.६० च्या दराने ४४,३७५ रुपये. दुसऱ्याचा पाया ६,००० रुपये. एकूण १,०५,४७५. जमा १,०८,०००. रद्द तिकिटांचे १,१४० वजा जाता १,३८५ शिल्लक राहिले, ते नळाच्या तोटीसाठी पाठवले. रांजणाच्या खर्चात वाया गेलेली ५ पोती, मातकट वाळू, दुसऱ्या ट्रॅक्टरचे भाडे आणि दाजूंच्या जास्तीच्या दिवसांची मजुरी आहे.

१० मार्च २०२४

पाल्प्याहून फोन आला. दुसरा रांजण दाजूंनी आणि दिदींनी ५४,००० नेपाळी रुपयांत पुरा केला. त्याचा चौथरा त्यांनी वीतभरच ठेवला. खजिनदारांनी तिथल्या तिथे कागदावर भाग लावला : हाच दर धरला, तर आमच्या सबंध दौऱ्याच्या पैशात त्यांचे तीन रांजण झाले असते. कोणी वाद घातला नाही. पाळकसाहेब म्हणाले की नोव्हेंबरमध्ये त्या वडीलधाऱ्यांनी विचारलेला प्रश्न इतिवृत्तातून काढून पुन्हा पटावर घ्यावा.

५ मे २०२४

चर्चच्या आवारात, पाळकांच्या घरामागे, रांजणाचा पाया घेतला. चौथरा नऊ इंच. त्याआधी पत्र्याच्या कडेची उंची तिघांनी वेगवेगळी मोजली आणि ती भिंतीवर खडूने लिहिली. पाइपाची वेटोळी करून साचा येथेच बनवला. पहिल्या वेळी वेटोळी एका अंगाला कलली, तेव्हा दाजूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोनवर फक्त हाताने दाखवले, मधल्या तीन कड्या सोडून पुन्हा बांधा. वाळू बाटलीत तपासली. पहिला ट्रॅक्टर परत पाठवला.

१४ मे २०२४

बाहेरचे दोन्ही थर झाले. ऊन पाल्प्यापेक्षा फार कडक आहे आणि गोणपाट पाऊण तासात कोरडे होते, म्हणून दिवसातून तीन वेळांऐवजी सहा वेळा भिजवतो आहोत. टँकरचे पाणी घेतले, पाचशे रुपयांना एक. उपअभियंता काकांनी घरून चार जुन्या सतरंज्या आणून गोणपाटावर टाकल्या, त्याने थोडे टिकते. भेग नाही. पाणी आत घेण्याचे भोक या वेळी जाळी बांधतानाच खांद्याला सोडले आहे.

२३ जून २०२४

पाल्प्याच्या पाळकांनी पाऊस सुरू झाल्यावरचा व्हिडिओ पाठवला. आमच्या रांजणाचे भोक गळत नाही, तोटीच्या जोडाला मात्र थेंब आहे. तेथे २४ चौरस मीटरचे छप्पर आहे, त्यावरून एक मिलिमीटर पावसात साधारण १९ लिटर पाणी उतरते, म्हणजे रांजण पूर्ण भरायला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागेल. भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा अजून तशाच आहेत. येथे आपल्याकडे आतापर्यंत दोन सरी झाल्या. पहिल्या सरीचे काळे पाणी बूच काढून सोडून दिले, दुसरीचे आत घेतले. तळात चार बोटे पाणी आहे.